सिनेमा किंवा पुस्तक डाउनलोड करणं गुन्हा आहे का? देश बदलला की उत्तर का बदलतं?

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना तिथले जुने विद्यार्थी दोन सल्ले हमखास देतात. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे किराणा शनिवारीच भरून ठेव. आणि टॉरेंट अजिबात लावू नकोस.

पहिला सल्ला ऐकला नाही तर एक दिवस उपाशी राहावं लागतं. दुसरा ऐकला नाही तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पत्रपेटीत एका वकिली फर्मचं जाड पाकीट येऊन पडतं. त्यात सिनेमाचं नाव असतं, तारीख असते, सेकंदापर्यंतची वेळ असते, तुमच्या इंटरनेट कनेक्शनचा आयपी ॲड्रेस असतो आणि शेवटी भरायची रक्कम. ती शेकडो युरोंमध्ये असते, कधी हजाराच्याही पुढे जाते.

हाच मुलगा पुण्यात कॉलेजला असताना हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्यासाठी सिनेमे उतरवायचा आणि पेनड्राइव्हवर वाटायचा. तिथे त्याला कोणी हटकलं नव्हतं. मग पुण्यात ते कायदेशीर होतं आणि जर्मनीत नाही, असं आहे का? तसंही नाही. पण दोन्हीकडचा कायदा वेगळा आहे, तो कोणावर आणि कसा चालवला जातो हेही वेगळं आहे, आणि या दोन गोष्टींची आपण कायम गल्लत करतो.

आधी 'डाउनलोड' म्हणजे काय, ते पाहू

कॉपीराइट हा एकच एक हक्क नाही, तो हक्कांचा जुडगा आहे. प्रत काढण्याचा हक्क वेगळा, लोकांपर्यंत पोहोचवण्याचा वेगळा, भाषांतराचा वेगळा, जाहीर प्रयोगाचा वेगळा. फाइल डाउनलोड केली की तुमच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर तिची नवी प्रत तयार होते, म्हणजे पहिल्या हक्काला हात लागतो. फाइल अपलोड केली, लिंक देऊन वाटली, तर दुसऱ्या हक्काला. जवळपास सगळ्या देशांत दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा गंभीर मानली जाते.

टॉरेंटची अडचण इथेच आहे. टॉरेंटमध्ये फाइल एका ठिकाणाहून येत नाही. तिचे शेकडो तुकडे केलेले असतात आणि ते तुकडे ती फाइल उतरवणारे सगळे जण एकमेकांना देत-घेत असतात. तुमच्याकडे पहिले काही तुकडे आले की तुमचं सॉफ्टवेअर तेच तुकडे लगेच पुढे द्यायला लागतं. म्हणजे 'मी तर फक्त डाउनलोड केलं' असं म्हणणारा माणूस त्याच वेळी अपलोडही करत असतो, बहुतेकदा त्याच्या नकळत. 'डाउनलोड केलं म्हणून दंड झाला' अशा ज्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत दंड प्रत्यक्षात या अपलोडसाठी झालेला असतो.

देशोदेशींचे नियम वेगळे कसे, तर त्याचं मूळ १८८६ च्या बर्न करारात आहे. भारत या कराराचा १९२८ पासून सदस्य आहे आणि आज सुमारे १८० देश त्यात आहेत. करार म्हणतो की परदेशी लेखकालाही तुमच्या देशातल्या लेखकाइतकंच संरक्षण द्या. किमान पातळी करार ठरवतो, सवलती मात्र बऱ्याच अंशी प्रत्येक देशावर सोडतो. अट एवढीच की सवलत ठरावीक बाबींपुरती असावी, त्या कलाकृतीच्या नेहमीच्या विक्रीला ती आड येऊ नये आणि हक्कदाराचं अवाजवी नुकसान होऊ नये. या तीन अटींचा अर्थ प्रत्येक संसदेने आणि प्रत्येक न्यायालयाने आपापल्या परीने लावला आहे.

जर्मनीत पत्र नेमकं येतं कसं?

जर्मन कायद्यात खासगी वापरासाठी प्रत काढायची मुभा आहे. टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करणं, विकत घेतलेल्या सीडीची प्रत गाडीत ठेवणं यात काही चूक नाही. मात्र मूळ स्रोत उघडउघड बेकायदेशीर असेल तर ही मुभा लागू होत नाही. गेल्या शुक्रवारी थिएटरमध्ये लागलेला सिनेमा फुकट मिळतोय, तर तो कुठून आला असेल हे कोणालाही कळावं, असं कायदा गृहीत धरतो.

हक्कदारांनी नेमलेल्या कंपन्या टॉरेंटच्या त्या देवाणघेवाणीत स्वतःच शिरतात आणि कोणकोणते आयपी ॲड्रेस तुकडे देत आहेत याची नोंद ठेवतात. मग न्यायालयाकडून आदेश मिळवून इंटरनेट कंपनीकडून कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते काढलं जातं. पत्र त्या नावावर येतं. चार जण एका फ्लॅटमध्ये राहत असतील आणि कनेक्शन एकाच्या नावावर असेल, तर सिनेमा कोणीही उतरवलेला असो, पाकीट त्या एकालाच.

सोबत एक प्रतिज्ञापत्र जोडलेलं असतं. 'पुन्हा असं करणार नाही, केल्यास इतका दंड भरेन' असं त्यात लिहिलेलं असतं. घाबरून लोक ते जसंच्या तसं सही करून पाठवतात. तिथल्या ग्राहक संरक्षण केंद्रांचा सल्ला वेगळा आहे: पत्राकडे दुर्लक्ष करू नका, पण जोडलेल्या कागदावर आंधळेपणाने सहीही करू नका, आधी सल्ला घ्या. कारण त्या सहीचं बंधन वर्षानुवर्षं राहतं. २०१३ मध्ये कायदा बदलून खासगी व्यक्तीकडून पहिल्या पत्रासाठी मागायच्या वकिली खर्चाला मर्यादा घालण्यात आली. नुकसानभरपाई मात्र त्याहून वेगळी मागता येते.

मार्च २०१७ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर आलेलं एक प्रकरण तिथे फार गाजलं. रिहानाचा 'लाउड' हा अल्बम एका घरातल्या कनेक्शनवरून शेअर झाला होता. आईवडिलांनी सांगितलं की हे आमच्या तीन मुलांपैकी एकाने केलं, कोणी केलं ते आम्हाला माहीत आहे, पण नाव सांगणार नाही. न्यायालयाने म्हटलं, मुलाचं नाव सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. पण सांगणार नसाल तर पैसे तुम्ही भरा. सुमारे साडेतीन हजार युरो.

पैसे वाचवायला गेले आणि डाउनलोड बेकायदेशीर झालं

शेजारच्या नेदरलँड्समध्ये २०१४ पर्यंत चित्र उलटं होतं. स्रोत बेकायदेशीर असला तरी स्वतःसाठी सिनेमा किंवा गाणं डाउनलोड करणं तिथे चालत असे. त्या बदल्यात कोऱ्या सीडी-डीव्हीडींवर आणि पुढे फोन, हार्ड डिस्कवरही एक छोटा आकार घेतला जायचा आणि ते पैसे कलाकारांच्या संस्थांना मिळायचे. लोक प्रती काढणारच, तर निदान कलाकाराला काहीतरी मिळू दे, असा तो डच हिशेब.

हा हिशेब मोडला तो कोऱ्या सीडी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांमुळे. त्यांचं म्हणणं होतं की बेकायदेशीर डाउनलोडमुळे होणारं नुकसान आमच्या आकारात धरू नका, आम्ही का भरायचं? प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. १० एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने त्या कंपन्यांच्या बाजूने कौल दिला आणि त्यासाठी कारण दिलं ते असं की बेकायदेशीर स्रोतातून काढलेल्या प्रतींना खासगी प्रतीची सवलत देताच येणार नाही. आदल्या दिवशीपर्यंत डच माणूस बिनदिक्कत जे करत होता, ते एका रात्रीत बेकायदेशीर झालं. कंपन्यांना हवा होता फक्त थोडा कमी कर! तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, याच न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. चोरीच्या सिनेमांच्या लिंक आधीच भरून दिलेल्या टीव्ही बॉक्सबद्दलच्या प्रकरणात त्याने सांगितलं की अशा स्रोतावरून नुसतं स्ट्रीमिंग केलं तरी त्याला तात्पुरत्या प्रतीची सवलत मिळणार नाही. हे निकाल युरोपीय संघाच्या सगळ्या सदस्य देशांना लागू होतात.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिथे जुनी व्यवस्था टिकून आहे. स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी, जवळच्या मित्रांसाठी सिनेमा, गाणं डाउनलोड करणं तिथे आजही कायदेशीर आहे, स्रोत कसाही असो. २०११ मध्ये सरकारने या प्रश्नाचा अभ्यास करून कायदा बदलायची गरज नाही असं ठरवलं आणि २०२० मध्ये कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या तेव्हाही या सवलतीला हात लावला नाही. सॉफ्टवेअर आणि गेम यातून वगळलेले आहेत. अपलोडला बंदी आहे, म्हणजे टॉरेंट तिथेही सुरक्षित नाही. गंमत म्हणजे २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आयपी ॲड्रेस गोळा करत फिरणाऱ्या एका कंपनीलाच खासगी माहितीच्या कायद्याखाली रोखलं होतं.

जपान: पायरी पायरीने कडक

जपानची वाट नेमकी उलट दिशेने गेली आहे. जानेवारी २०१० पासून चोरीची गाणी आणि व्हिडिओ जाणूनबुजून डाउनलोड करणं बेकायदेशीर झालं, पण शिक्षा नव्हती. ऑक्टोबर २०१२ पासून शिक्षा आली: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २० लाख येनपर्यंत दंड. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, यांचा मात्र यात समावेश नव्हता. 'मांगामुरा' नावाच्या चोरट्या साइटने प्रकाशकांची झोप उडवल्यानंतर (ती २०१८ मध्ये बंद झाली) मांगा, मासिकं, पुस्तकं, शोधनिबंध या सगळ्यांना कायद्याखाली आणायचं ठरलं. पहिला मसुदा इतका व्यापक होता की खुद्द मांगा चित्रकारांनीच विरोध केला. संदर्भासाठी एखादं चित्र जतन केलं तरी गुन्हा होईल, अशी त्यांना भीती होती. शेवटी जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या कायद्यात किरकोळ प्रमाणात घेतलेल्या भागाला, जसं की लांबलचक मांगातल्या काही चौकटी, सूट देण्यात आली.

अमेरिकेत रक्कम डोळे फिरवते

अमेरिकेत खासगी प्रतीची सरसकट सवलत नाही. 'फेअर यूज' नावाचं लवचीक तत्त्व आहे, पण ते प्रत्येक प्रकरणात तपासावं लागतं. आधी ऐकून बघू, आवडलं तर विकत घेऊ, हा बचाव २००५ मध्ये एका महिलेने केला होता. शिकागोच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि ३० गाण्यांसाठी तिच्यावर लादलेली साडेबावीस हजार डॉलरची भरपाई कायम ठेवली.

हा आकडा येतो कुठून? प्रत्यक्ष नुकसान किती झालं हे सिद्ध न करता तिथे हक्कदार कायद्याने ठरवलेली भरपाई मागू शकतो. दर कलाकृतीमागे ७५० ते ३० हजार डॉलर, आणि मुद्दाम केलं असेल तर दीड लाख डॉलरपर्यंत. मिनेसोटामधल्या एका महिलेने २४ गाणी शेअर केली होती. वेगवेगळ्या टप्प्यांवर ज्युरींनी तिला २ लाख २२ हजार, मग १९ लाख २० हजार, मग १५ लाख डॉलर भरायला सांगितलं. शेवटी २ लाख २२ हजारांवर प्रकरण थांबलं. संगीत कंपन्यांनी २००८ मध्ये असे घाऊक खटले भरणं थांबवलं, कारण पैशांपेक्षा बदनामीच जास्त होत होती. कायदा मात्र तोच आहे.

तो किती जिवंत आहे हे २०२५ मध्ये दिसलं. एआय कंपनी अँथ्रॉपिकविरुद्ध लेखकांनी भरलेल्या खटल्यात न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी जूनमध्ये म्हटलं की विकत घेतलेल्या पुस्तकांवर मॉडेल शिकवणं फेअर यूजमध्ये बसतं, पण चोरट्या ग्रंथसंग्रहांमधून लाखो पुस्तकं डाउनलोड करून कायमची साठवून ठेवणं बसत नाही. सप्टेंबरमध्ये दीड अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली, पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. म्हणजे ज्या प्रश्नाने एकेकाळी कॉलेजच्या पोरांना छळलं, त्याच प्रश्नाने जगातल्या सगळ्यात श्रीमंत उद्योगालाही गाठलं.

कॅनडाने २०१२ मध्ये मधला रस्ता काढला. व्यापारी हेतू नसेल तर कायद्याने ठरवलेली भरपाई एकूण १०० ते ५,००० कॅनेडियन डॉलरच्या आतच राहते. इंटरनेट कंपनीमार्फत इशाऱ्याची नोटीस येते, पण त्या नोटिशीत पैसे मागता येत नाहीत. ब्रिटनची गोष्ट तर विचित्रच. स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःच्या संगणकावर उतरवायची परवानगी तिथे ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाली आणि जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. त्यामुळे कागदोपत्री ते तिथे पुन्हा बेकायदेशीर आहे.

आणि भारतात?

ऑगस्ट २०१६ मध्ये भारतातल्या अनेकांना ब्लॉक केलेल्या साइट उघडताना एक भीतीदायक संदेश दिसू लागला. या पत्त्यावरची बेकायदेशीर प्रत पाहणं, डाउनलोड करणं, दाखवणं किंवा तिची नक्कल करणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असं त्यात होतं. 'साइट उघडली तरी तुरुंग' अशा बातम्या दिवसभर फिरल्या. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी घाबरून ब्राउझरची सगळी हिस्ट्री पुसून टाकली होती.

त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात 'ढिशूम' या सिनेमाच्या पायरसीचं प्रकरण सुरू होतं. तिथे न्या. गौतम पटेल यांनी हा संदेश बदलायला लावला. नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही; परवानगीशिवाय हक्कदाराचं नुकसान होईल असं वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. त्या संदेशातला तीन लाखांचा आकडाही कॉपीराइट कायद्याच्या मुख्य शिक्षेच्या कलमाशी, म्हणजे कलम ६३ शी, जुळत नव्हता.

मग कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हीसुद्धा प्रत काढणंच आहे. तो हक्क मालकाचा. म्हणजे विनापरवाना डाउनलोड हे पहिल्या नजरेत उल्लंघन ठरतं. पण कलम ५२ मध्ये सवलती आहेत. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, ज्यात संशोधनही आलं, केलेला 'न्याय्य वापर' उल्लंघन मानला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही सवलत सिनेमा आणि ध्वनिमुद्रणालाही लागू झाली.

इथे 'खासगी' या शब्दावर उडी मारून 'घरी बघितलं तर चालतं' असा निष्कर्ष काढला जातो. कायद्यात 'खासगी' शब्दाआधी 'न्याय्य' शब्द आहे. चोरट्या साइटवरून अख्खा नवा सिनेमा उतरवणं न्याय्य आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयाने थेट निकाल दिलेला नाही. माझ्या मते तो बचाव लंगडा आहे, कारण त्या उतरवण्यामुळे एक तिकीट किंवा एक वर्गणी सरळ बुडते. शोधनिबंधातला संदर्भ तपासण्यासाठी एक प्रकरण घेणं वेगळं.

कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून याहून कमी शिक्षा देऊ शकतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'निट प्रो' प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. कागदावर हे जर्मनीपेक्षाही कडक आहे! प्रत्यक्षात मात्र आपल्याकडे कारवाईचा रोख साइट चालवणाऱ्यांवर, प्रती विकणाऱ्यांवर आणि थिएटरमध्ये कॅमेरा लावणाऱ्यांवर असतो. घरोघरी पत्रं पाठवण्याचा जर्मन उद्योग इथे उभा राहिलेला नाही. निर्माते न्यायालयाकडून साइट ब्लॉक करण्याचे आदेश घेतात. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तर ब्लॉक केलेली साइट नाव बदलून परत आली तर नव्याने खटला न भरता तिलाही ब्लॉक करता येईल अशी सोय करून दिली.

थिएटरमध्ये सिनेमा रेकॉर्ड करण्यासाठी २०२३ पासून सिनेमॅटोग्राफ कायद्यात वेगळी शिक्षा आहे: तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड, जो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

डीटीपीच्या दुकानातलं 'क्रॅक' सॉफ्टवेअर

एका बाबतीत भारतीय कायदा अगदी नेमका आहे, आणि नेमकी तीच बाब लोकांना माहीत नसते. खासगी वापराची वर सांगितलेली सवलत संगणक सॉफ्टवेअरला नाही. उलट कलम ६३-बी म्हणतं की बेकायदेशीर प्रत आहे हे माहीत असताना सॉफ्टवेअर नुसतं वापरणं हाही गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरलं नसेल तर न्यायालय कैद माफ करून फक्त ५० हजारांपर्यंत दंड ठेवू शकतं.

म्हणजे घरी क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर फोटो सुधारणारी व्यक्ती आणि त्याच सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका, फ्लेक्स बनवून बिल घेणारा दुकानदार यांच्यात कायदा फरक करतो. दुकानदाराच्या डोक्यावरची टांगती तलवार खरी आहे. गल्लीतल्या छोट्या डिझायनरला हजारो रुपयांची वर्षाची वर्गणी परवडत नाही हेही खरं. त्याच्यासाठी गिम्प, इंकस्केप, लिब्रेऑफिस यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर आहेत आणि ती डाउनलोड करणं जगात कुठेही कायदेशीर आहे.

शोधनिबंध आणि झेरॉक्स

सगळ्यात अवघड प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे. एका शोधनिबंधाची किंमत ३०-४० डॉलर असते. निबंध लिहिणाऱ्याला त्यातला एक पैसाही मिळत नाही. अशा वेळी 'साय-हब'वरून निबंध उतरवणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला चोर म्हणायचं का? डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी साय-हबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात खटला भरला. भारतीय शास्त्रज्ञांच्या संघटना साइटच्या बाजूने उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने साइट ब्लॉक करायचा आदेश दिला.

दरम्यान सरकारने वेगळी वाट धरली. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. सरकारी विद्यापीठात किंवा सरकारी महाविद्यालयात असाल तर आधी ग्रंथपालांकडे चौकशी करा. जे चोरून उतरवताय ते कदाचित हक्काने मिळत असेल. खासगी महाविद्यालयांतले आणि स्वतंत्रपणे काम करणारे अभ्यासक मात्र अजून बाहेरच आहेत.

कागदी झेरॉक्सच्या बाबतीत विद्यार्थ्यांची बाजू भक्कम आहे. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये खटला भरला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून झेरॉक्स देणं शिक्षणासाठीच्या सवलतीत बसतं, असा निकाल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दिला.

ऑर्वेल आणि साने गुरुजी

फाइल तीच, पण हक्काची मुदत कुठे संपते यावरही सगळं अवलंबून असतं. साने गुरुजी आणि जॉर्ज ऑर्वेल दोघेही १९५० साली गेले. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे दोघांची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून भारतात मुक्त आहेत. 'श्यामची आई' डाउनलोड करा, छापा, वाटा. ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' कॅनडात २००१ पासून, ब्रिटनमध्ये २०२१ पासून मुक्त झाली. अमेरिकेत ती २०४४ च्या अखेरपर्यंत बंदिस्त राहील, कारण तिथे त्या काळच्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षांची आहे. २००९ मध्ये एका विक्रेत्याने अमेरिकेतले हक्क नसताना हे पुस्तक किंडलवर विकलं. ॲमेझॉनने ते लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकलं. नेमकं हेच पुस्तक!

पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६० च्या अखेरपर्यंत आहे. वि. स. खांडेकरांचा २०३६ अखेर, अण्णा भाऊ साठेंचा २०२९ अखेर संपेल. एखादं पुस्तक 'इंटरनेट आर्काइव्ह'वर आहे म्हणजे ते मुक्त आहे, असं समजू नका. त्या संस्थेच्या पुस्तकं उसनी देण्याच्या पद्धतीविरुद्ध प्रकाशकांनी भरलेला खटला ती अमेरिकेत २०२४ मध्ये अपिलातही हरली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं मात्र मंडळाच्याच संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत आहेत. ती बिनधास्त उतरवा.

व्हीपीएन लावला तर? आणि फॉरवर्ड केलं तर?

व्हीपीएन लावून 'मी स्वित्झर्लंडमधून बघतोय' असं दाखवलं तर स्विस कायदा लागू होतो, हा गैरसमज आहे. कॉपीराइट हा प्रादेशिक कायदा आहे. तुम्ही नाशिकमध्ये बसून प्रत काढली तर ती नाशिकमध्ये निघाली आणि भारतीय कायदा लागू झाला. सर्व्हर कुठेही असो. म्हणूनच सुट्टीत घरी येऊन उतरवलेल्या सिनेमाला भारतीय कायदा लागतो, आणि लॅपटॉप परत बर्लिनला नेऊन टॉरेंटचं सॉफ्टवेअर बंद करायला विसरलात, तर ते तिथेही तुकडे वाटत राहतं आणि पत्र तिथल्या पत्त्यावर येतं.

राहिला व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामचा प्रश्न. लॉकडाऊनमध्ये मराठी पुस्तकांच्या पीडीएफ गटागटांत फिरू लागल्या. 'वाचनसंस्कृती वाढते' म्हणून लोक त्या कौतुकाने पुढे पाठवत होते. वाचणारा माणूस सवलतीच्या आडोशाला काही अंशी तरी उभा राहू शकतो. दोनशे जणांच्या गटात पाठवणारा राहू शकत नाही, कारण ते वितरण झालं आणि खासगी वापराची सवलत तिथे संपते. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती बऱ्याचदा जेमतेम हजार प्रतींची असते. अशा दोनशे जणांच्या पाच गटांमध्ये ती पीडीएफ गेली, तर एका आवृत्तीइतके वाचक तिथेच झाले.